इटली स्वस्तात फिरायचंय? मग ट्रेननेच फिरा

सगळ्यात आधी रूट एका लाईनीत ठेवा, म्हणजे मिलानला उतरा, व्हेनिस, बोलोन्या, फ्लॉरेन्स करत रोमवरूनच परत निघा, उगाच मागे यायचा खर्च आणि दिवस दोन्ही वाचतो. फास्ट ट्रेनचं (फ्रेच्चारोसा किंवा इतालो) तिकीट जेवढं लवकर काढाल तेवढं स्वस्त, पण स्वस्त तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा परत मिळत नाहीत, म्हणून तारखा पक्क्या करूनच बुक करा. रिजनल ट्रेनचं (जवळच्या गावांना थांबत जाणारी साधी ट्रेन) मात्र उलट आहे, भाडं ठरलेलं असतं, आयत्या वेळी काढलं तरी तेवढंच. फक्त कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मजवळच्या छोट्या मशीनमध्ये सरकवून शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड बसतो!

व्हेनिसमध्ये हॉटेल महाग पडतं, जवळच्या मेस्त्रे भागात राहा, तिथून व्हेनिसचं सांता लुचिया स्टेशन ट्रेनने साधारण 10 मिनिटं. आणि माझं ऐकाल तर बोलोन्याला मुक्काम कराच, तिथून फेरारा, मोदेना, रावेन्ना यातलं कुठलंही गाव रिजनल ट्रेनने एका दिवसात जाऊन येता येतं. निघायच्या आदल्या रात्री रेल्वेचा संप आहे का तेवढं बघून ठेवा, तिकडे तो आधी जाहीर होतो.