भीमेच्या दोन काठांचा नकाशा : कठीणपणा कसा मोजावा आणि कसा खेळावा

हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक थ्री हा शहरे बांधून आणि सैन्य जमवून पाळीपाळीने खेळायचा संगणकावरचा डावपेचांचा खेळ न्यू वर्ल्ड कम्प्युटिंग या कंपनीने १९९९ साली काढला आणि त्याच्याबरोबरच नकाशे रचण्याचा एडिटरही खेळाडूंच्या हाती दिला. पंचवीस वर्षे उलटून गेल्यावरही हा खेळ टिकून आहे, याचे मोठे श्रेय या एडिटरला आणि त्यात रात्री घालवणाऱ्या हौशी रचनाकारांना द्यावे लागते. सोलापुरातल्या आमच्या मित्रमंडळात अशाच एकाने आपल्या जिल्ह्याचा नकाशा याच खेळाच्या ‘शॅडो ऑफ डेथ’ या विस्तारित आवृत्तीसाठी रचला असून तो आता बऱ्याच जणांच्या संगणकावर पोहोचला आहे. ‘हा नकाशा फार कठीण आहे’ आणि ‘हा नकाशा फारच सोपा आहे’ अशा दोन्ही तक्रारी एकाच आठवड्यात कानावर आल्या, म्हणून तो कसा खेळावा हे सविस्तर लिहीत आहे. यातले हिशेब या नकाशाचे असले तरी पद्धत कोणत्याही नकाशाला लावता येते.

नकाशा एल आकाराचा, म्हणजे १०८ गुणिले १०८ घरांचा आहे. पूर्वेला सोलापूर हे खेळाडूचे स्ट्राँगहोल्ड (रानटी टोळ्यांचे) शहर आहे आणि भीमेच्या पलीकडे मंगळवेढ्याला संगणकाचे नेक्रोपोलिस, म्हणजे मृतांच्या सैन्याचे शहर आहे. (मंगळवेढेकरांनी रागावू नये. तिथल्या काळ्या जमिनीसाठी रचनाकाराने मातीचा भूप्रकार निवडला आणि या खेळात माती ही नेक्रोपोलिसची घरची जमीन ठरते, एवढेच त्याचे कारण आहे.) सोलापूरच्या बाजूची सगळी जमीन ओबडधोबड माळाची आहे आणि ती स्ट्राँगहोल्डच्या सैन्याची घरची जमीन आहे. सीना नदी दिसायला नदी असली तरी या खेळात नदी हे निव्वळ चित्र असते आणि ती ओलांडायला काही खर्च पडत नाही. भीमा मात्र रचनाकाराने खऱ्या पाण्याच्या घरांनी भरली आहे. त्यामुळे ती होडीशिवाय ओलांडता येत नाही, आणि जमिनीवरून जायचे तर बेगमपूरजवळ ठेवलेली एकच चिंचोळी वाट आहे.

आता कठीणपणाकडे वळू. डाव सुरू करताना जी पाच चिन्हे दिसतात ती बुद्धिबळाची आहेत: प्यादे, घोडा, हत्ती, वजीर आणि राजा. उंट तेवढा का वगळला, हे मला आजवर उमगलेले नाही. नकाशाच्या माहितीत लिहिलेला ‘सोपा’ किंवा ‘कठीण’ हा रचनाकाराचा शेरा असतो आणि तुमच्या तिजोरीशी त्याचा संबंध नसतो. तिजोरी ठरते ती या चिन्हांवरून. प्याद्यावर ३० लाकूड, ३० खनिज आणि ३०,००० सोने हाती येते. घोड्यावर २०, २० आणि २०,०००. हत्तीवर १५, १५ आणि १५,०००. वजिरावर १०, १० आणि १०,०००. आणि राजावर सगळीकडे शून्य. शेवटच्या गुणांना लागणारे प्रमाण याच क्रमाने ८०, १००, १३०, १६० आणि २०० टक्के असते.

नुसते आकडे पाहून कठीणपणा कळत नाही. शत्रू आपल्या वेशीपर्यंत किती दिवसांत पोहोचतो आणि तेवढ्या दिवसांत आपल्याला काय उभे करता येते, या दोहोंतले अंतर म्हणजे नकाशाचा खरा कठीणपणा होय. म्हणून पहिल्या दिवशी एकही चाल करण्यापूर्वी कागद घेऊन हा हिशेब मांडावा.

एका शहरात दिवसाला एकच इमारत बांधता येते, म्हणजे पहिल्या आठवड्यात सात. आपल्या सोलापुरात फोर्ट, टॅव्हर्न आणि पहिल्या दोन पातळ्यांच्या सैन्याची घरे रचनाकाराने आधीच बांधून दिली आहेत. त्यामुळे टाऊन हॉल, मार्केटप्लेस, ब्लॅकस्मिथ, पहिल्या पातळीचे मेज गिल्ड, सिटी हॉल, सिटाडेल आणि कॅसल असा सात इमारतींचा क्रम सात दिवसांत नेमका बसतो. सिटी हॉलमुळे रोजचे उत्पन्न २,००० होते आणि कॅसलमुळे आठव्या दिवसाची सैन्याची पैदास (दर आठवड्याला विकत मिळणारे नवे सैनिक) दुप्पट होते, म्हणजे पहिल्या पातळीच्या १५ गोब्लिनच्या जागी ३० मिळतात. या सात इमारतींना १८,५०० सोने, २५ लाकूड आणि २० खनिज लागते.

लाकडाची गिरणी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतली तर दुसऱ्या दिवसापासून रोज दोन याप्रमाणे सातव्या दिवसापर्यंत १२ लाकूड येते. हत्तीवर १५ आणि १२ मिळून २७ होतात व काम भागते. वजिरावर मात्र २२ होतात आणि तिनाची तूट राहते, ती वाटेवर पडलेल्या ढिगातून भरून काढावी लागते. खनिजाची खाणही त्याच दिवशी घेतली तर त्याची चिंता उरत नाही.

सोन्याचे गणित वजिरावर अधिक अडते. पहिल्या दिवशी टाऊन हॉलला २,५०० आणि टॅव्हर्नमधल्या दुसऱ्या हिरोला (सैन्य घेऊन फिरणाऱ्या सरदाराला) २,५०० दिले की ५,००० उरतात. पुढे रोज १,००० येत राहतात आणि मार्केटप्लेस ५००, ब्लॅकस्मिथ १,००० व गिल्ड २,००० असे जात राहतात. पाचव्या दिवशी सिटी हॉलचे ५,००० दिल्यावर तिजोरीत ५०० राहतात, सहाव्या दिवशी सिटाडेलचे २,५०० दिल्यावर काहीच राहत नाही, आणि सातव्या दिवशी हातात २,००० असताना कॅसल ५,००० मागतो. ही ३,००० ची तूट भरायची ती खजिन्याच्या पेट्यांनी. पेटी उघडली की सोने घ्यायचे की अनुभव, असा प्रश्न खेळ विचारतो. सोने १,००० ते २,००० पर्यंत असते आणि अनुभव त्याहून ५०० ने कमी. नवखे खेळाडू पहिल्या पेटीपासून अनुभव घेतात. वजिरावर पहिल्या दोन-तीन पेट्यांचे सोनेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा हिरो न घेता पैसे वाचवावेत, हा मोहही टाळावा, कारण त्या पेट्या आणि लाकडाचे ढीग गोळा करायला तोच लागतो. सैन्य विकत घ्यायला या हिशेबात जागा नाही. पहिला आठवडा हिरोसोबत आलेल्या सैन्यावर आणि होटगीच्या दिशेला ठेवलेल्या ऑर्क टॉवरमधल्या सात ऑर्कवर (हे नेमबाज सैनिक) काढायचा आहे, आणि त्यांच्यापुरते सोने आणखी एका पेटीतून काढावे लागते.

राजावर हा सगळा आराखडा कोलमडतो. तिथे कॅसलचा नाद सोडून पेट्या, मग टाऊन हॉल आणि मग सिटाडेल एवढ्यावर समाधान मानावे.

यानंतर अंतराचा हिशेब येतो. हिरोची दिवसभराची चाल सकाळी त्याच्यासोबत असलेल्या सर्वांत संथ तुकडीवरून ठरते: वेग ३ किंवा त्याहून कमी असेल तर चालीचे १,५०० गुण, ४ ला १,५६०, ५ ला १,६३०, ६ ला १,७००, आणि ११ पासून पुढे २,०००. सपाट जमिनीवर सरळ एक घर जायला १०० गुण लागतात, तिरके जायला १४१. माळाच्या घराला १२५ लागतात, पण सैन्यातल्या सगळ्या तुकड्या त्याच जमिनीच्या असतील तर हा भुर्दंड माफ होतो. या नकाशात सोलापूर ते बेगमपूर सुमारे ६० घरे माळ आहे आणि पुढे मंगळवेढ्यापर्यंत सुमारे ३० घरे माती, आणि मध्ये पक्का रस्ता मुद्दाम ठेवलेला नाही. नेक्रोपोलिसच्या सैन्यात बहुधा वेग ३ चे वॉकिंग डेड असतात, म्हणून त्यांना मातीवर दोन आणि माळावर पाच असे सात दिवस लागतात. आपल्या सैन्यात वेग ४ चे ऑर्क असले तरी माळावर चार आणि मातीवर दोन असे सहाच दिवस लागतात. एका दिवसाचा हा फायदा रचनाकाराने आपल्याला दिलेला आहे आणि सगळी मोहीम त्यावरच उभी करायची आहे.

बेगमपूरच्या वाटेवर सुरुवातीला २० स्टोन गोलेम बसवलेले आहेत. उजव्या बटणाने पाहिले तर नेमका आकडा दिसत नाही. ‘लॉट्स’ एवढाच शब्द दिसतो आणि त्याचा अर्थ २० ते ४९ असा घ्यायचा. असे तटस्थ पहारेकरी दर आठवड्याला सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, म्हणजे दुसऱ्या आठवड्यात २२ आणि तिसऱ्यात २४. ‘थोडे सैन्य जमू दे, मग बघू’ या धोरणाला इथे थेट किंमत मोजावी लागते.

ही लढाई जपून लढावी. पट १५ गुणिले ११ घरांचा असतो आणि गोलेमचा वेग ३ असल्यामुळे त्यांना आपल्यापर्यंत यायला चार-पाच फेऱ्या लागतात. ऑर्क कोपऱ्यात ठेवून त्यांच्याभोवती गोब्लिनचे कुंपण करावे. दहा घरांपलीकडे नेमबाजाचा मारा निम्मा होतो, तरी पहिल्या फेरीपासून मारत राहावे. गोलेम जवळ आले की एकेका गोब्लिनच्या सुट्या केलेल्या तुकड्या कामी येतात. बहुतेक तुकड्या एका फेरीत एकदाच उलटवार करतात, त्यामुळे तो उलटवार स्वस्तातल्या एका गोब्लिनवर ओढवून घ्यायचा आणि मग वुल्फ रायडर (आपले दुसऱ्या पातळीचे सैनिक) सोडायचे. अडचण अशी की वुल्फ रायडरचा वेग ६ आणि गोब्लिनचा ५, म्हणजे पाळी आधी रायडरची येते. म्हणून रायडरला ‘थांब’चा आदेश द्यावा. गोब्लिन वार करून उलटवार खातो, ऑर्क कुऱ्हाडी फेकतात, गोलेम आपली चाल खेळतात आणि मग थांबलेले रायडर उलटवाराची भीती न बाळगता तुटून पडतात. बार्बेरियन हिरोकडे सुरुवातीला ज्ञान १ असते, म्हणजे मंत्रशक्ती १० गुणांची. गिल्डमध्ये स्लो हा शत्रूला संथ करणारा मंत्र निघाला तर त्याला ६ गुण लागतात, म्हणजे एका लढाईत तो एकदाच टाकता येईल. अशा संथ शत्रूवर तो वाया घालवू नये.

वाटेत ग्रिफिन कन्झर्व्हेटरी दिसेल. तिथे कमीत कमी ५० ग्रिफिन असतात आणि ते हरले तर एक एंजल मिळतो. या जागी आपले सैन्य मध्यभागी उभे राहते आणि शत्रू चारही बाजूंनी असतो, म्हणून वरची कोपऱ्याची रचना इथे चालत नाही. शिवाय ग्रिफिन एका फेरीत दोनदा उलटवार करतात, म्हणून एकट्या गोब्लिनची युक्तीही अर्धीच चालते. मिळालेला एंजल सैन्याचे मनोधैर्य एकाने वाढवतो, पण तो माळाचा नसल्यामुळे सैन्याला माळावर १२५ चा भुर्दंड पडू लागतो आणि सहा दिवसांचा प्रवास सात दिवसांचा होतो. एंजल घ्यायचाच असेल तर माळ ओलांडून झाल्यावर मागून दुसऱ्या हिरोकडून आणवावा. पंढरपूरला रचनाकाराने शहर किंवा लढाई ठेवलेली नाही, फक्त मंदिर ठेवले आहे आणि ते योग्यच केले. तिथे मनोधैर्य वाढते हे खरे, पण या मोहिमेत तेवढा वळसा परवडत नाही.

आठव्या दिवशी दुप्पट पैदास विकत घेऊन निघाले तर तेराव्या दिवशी संध्याकाळी मंगळवेढ्याच्या वेशीवर पोहोचता येते आणि चौदाव्या दिवशी हल्ला करता येतो. चौदावा म्हणजे आठवड्याचा सातवा दिवस. त्या दिवशी शहर घेतले की दुसऱ्या सकाळची पैदास शत्रूऐवजी आपल्याला मिळते. उशीर केला तर मात्र नेक्रोमन्सर प्रत्येक लढाईनंतर मेलेल्यांतून स्केलेटन उठवत राहतो आणि त्याचे सैन्य फुकटात फुगत जाते.

वेढ्यात नेमबाजांची मांडणी बदलावी. नेक्रोपोलिसच्या लिच या नेमबाजाचा मृत्यूचा ढग शेजारच्या घरांतल्या जिवंत तुकड्यांनाही लागतो, म्हणून गोलेमविरुद्ध उपयोगी पडलेले गोब्लिनचे कुंपण इथे अंगाशी येते. तुकड्यांमध्ये एकेक घर मोकळे सोडावे. व्हॅम्पायर लॉर्ड असतील तर मारा वाटून न देता सगळा त्यांच्यावरच करावा, कारण अर्धवट मारलेली तुकडी पुढच्या वारात रक्त शोषून आपले मेलेले साथीदार परत उभे करते. आपले सायक्लॉप्स (दगड फेकणारे एकाक्ष राक्षस) हाती आले असतील तर त्यांनी तटावर मारा करावा. ते नसतील तर कॅटापल्टने भिंत पाडेपर्यंत पायदळ पुढे ढकलू नये.

ज्यांना नकाशा आणखी कठीण करायचा आहे, त्यांनी एडिटर उघडून गोलेमची संख्या वाढवण्याच्या भरीस पडू नये; त्याने खेळ फक्त लांबतो. त्याऐवजी सोलापूरजवळच्या पेट्यांपैकी दोन काढून टाकाव्यात किंवा मंगळवेढ्यापासून बेगमपूरपर्यंत फरसबंद रस्ता टाकावा. अशा रस्त्याच्या घराला ५० च गुण लागतात, म्हणजे शत्रू ती ३० घरे एका दिवसात पार करतो आणि त्याचाही प्रवास सहा दिवसांचा होतो. मात्र तोच रस्ता आपल्यालाही खुला राहतो, म्हणून तो टाकताना बेगमपूरला पोहोचण्याआधी, मंगळवेढ्याच्या बाजूलाच थांबवावा आणि शेवटच्या घरावर आपल्या बाजूने येणाऱ्याला अडवणारा एखादा पहारा बसवावा.