रोपं उचलण्याआधी एक रोप उपसून मुळं बघा

पाऊस लांबला की लागवड थांबते आणि नर्सरीतली रोपं ट्रेमध्येच अडकतात. टोमॅटो-मिरचीचे प्लॉट या एका कारणाने वाया गेलेले मी वर्षानुवर्षं बघतोय. वरून रोप हिरवंगार दिसतं, खाली मुळांनी कप्प्यात वेटोळं घातलेलं असतं. असं रोप लागतं, फुलतंही. पण फळांचा भार आला की भर दुपारी मान टाकतं, वाऱ्यात बुडातून आडवं होतं.

कप्पा लहान, तर रोप ठेवायचे दिवसही कमी. ९८ किंवा १०४ कप्प्यांच्या ट्रेमध्ये टोमॅटो २५ ते ३० दिवस, मिरची ३५ ते ४० दिवस, त्यापुढे नको. ठिबक नाही, सगळी भिस्त पावसावर, अशांनी ५० किंवा ७० कप्प्यांच्या ट्रेमधली रोपं सांगावीत. महाग पडतील, पण आठवडाभर थांबता येतं. आतून उभ्या कडा असलेला कप्पा गोल गुळगुळीत कप्प्यापेक्षा बरा, त्यात मूळ सरळ खाली उतरतं. ट्रे जमिनीला टेकलेले नकोत, बांबूवर किंवा तारेवर उचललेले हवेत. खालच्या भोकातून आलेलं टोक हवेने सुकतं आणि मागे तंतुमुळं फुटतात. टेकलेल्या ट्रेमध्ये पाणी साचून मर लागते, म्हणजे बुरशीने रोपं बुडाशी सडून कोलमडतात.

बुकिंग करताना बी टाकल्याची तारीख लिहून घ्या. गाडी भरण्याआधी दोन-चार ट्रेमधलं एकेक रोप उपसा. कोकोपीट (ट्रेमध्ये भरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा) गळून पडलं तर रोप कोवळं आहे. पांढऱ्या मुळांनी गड्डा जेमतेम धरला असेल तर उत्तम. तळाशी तपकिरी जाळी दिसली तर माघारी फिरा. माझा अंदाज असा की खालची पानं पिवळी आणि दांडा काडीसारखा लांबला असेल, तर मुळं फिरलेलीच निघतात.

दुकानदार ‘पांढरी मुळी वाढवतं’ म्हणून ह्युमिकची (मुळं वाढवायला विकतात ते ह्युमिक ॲसिड) बाटली पुढे करेल. फिरलेलं मूळ बाटलीने सरळ होत नाही. ते पैसे मोठ्या कप्प्याच्या रोपांत घाला.

बाकी नेहमीचं:
- जुने ट्रे धुऊन, निर्जंतुक करूनच भरणे
- रोपांवर ४० ते ५० मेशची (इंचाला तेवढी भोकं) जाळी
- मर दिसताच कॉपर ऑक्सिक्लोराईड २.५ ग्रॅम प्रति लिटर, आळवणी (द्रावण मुळाशी ओतणे)
- लागवडीआधी ४-५ दिवस पाणी कमी
- लागवड संध्याकाळी, ओल्या बेडवर

जुनीच रोपं गळ्यात पडली तर टोमॅटोचा गड्डा तळाशी हलक्या हाताने मोकळा करून रोप खोल लावा, दांड्याला नवी मुळं फुटतात. कलमी रोपाचा जोड मात्र मातीच्या वरच ठेवा. मिरचीला ही युक्ती फारशी लागू पडत नाही. तिथे रोपं परत करा आणि दुसरी लॉट सांगा.