सशाच्या पोटात विष गेलं तर

सशाला उलटी होत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की गिळलेलं तोंडावाटे परत येतच नाही. म्हणून मिठाचं पाणी, मोहरीचं पाणी, घशात बोट हे घरगुती उपाय सशाच्या जिवावर बेततात. मिठाने रक्तातलं सोडियम वाढतं आणि बळजबरीने ओतलेलं पाणी फुप्फुसात उतरतं. दूध, तूप, तेलही नको; काही विषं स्निग्ध पदार्थांबरोबर जास्त वेगाने अंगात भिनतात. चुलीतला कोळसा किंवा करपलेली भाकरी कुस्करून देण्याचाही उपयोग नाही.

दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट: ससा दुखणं लपवतो. तो शांत बसलाय म्हणजे बरा आहे, असं धरून चालू नका. विषारी काही खाल्ल्याची नुसती शंका असली तरी लक्षणांची वाट न बघता फोन करायचा.

पहिली पंधरा मिनिटं

आधी ससा आणि ती वस्तू एकमेकांपासून दूर करा. सशाला उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घ्या, मग टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळा. घाबरलेला ससा मागच्या पायांनी जोरात झटका देतो आणि पाय अधांतरी असतील तर त्याचा कणा मोडू शकतो. उताणा करू नका.

ओठांवर किंवा पुढच्या दातांत पानाचा तुकडा, वडीचा चुरा दिसला तर ओल्या कापसाने बाजूने पुसून काढा. बोट आत घालू नका. दाढा खोल असतात, तिथवर तुम्हाला काही दिसणार नाही आणि चावा मात्र बसेल. फिनाईल किंवा कीटकनाशक अंगावर सांडलं असेल तर तेवढाच भाग कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या पातळ साबणाने धुऊन लगेच कोरडा करा. ससा पंजे आणि केस सतत चाटतो, त्यामुळे अंगावरचं विष थोड्याच वेळात पोटात जातं. अख्खा ससा बादलीत बुडवू नका, भीतीने आणि गारठ्याने तो कोसळतो.

आता पाकीट, बाटली किंवा झाडाची फांदी पिशवीत घ्या. झाड असेल तर पान, फूल, फळ तिन्ही दिसतील असा फोटो काढा. किती उरलंय ते पाहून किती गेलं असेल याचा अंदाज करा. डॉक्टरांना फोनवर साधारण एवढं सांगा: "मादी, दीड वर्षाची, वजन १.८ किलो. साडेसातच्या सुमाराला उंदराच्या वडीचा कोपरा कुरतडला, अंदाजे ५ ग्रॅम. लेबलवर ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्के आहे. आत्ता शांत आहे, लेंड्या नेहमीच्या आहेत." वजन माहीत नसेल तर सशाला घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा.

टक्केवारी नीट वाचायची, कारण हेच विष बाजारात दोन रूपांत मिळतं. तयार वडीत ते ०.००५ टक्के असतं, तर पिठात मिसळायच्या भुकटीत ०.२५ टक्के, म्हणजे पन्नासपट. नुसतं "उंदराचं औषध खाल्लं" एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

तोंड उघडून श्वास घेणं, झटके, लाळ गळणं, मान वाकडी होणं, कान गार पडणं, नाकातून किंवा लघवीतून रक्त, यांपैकी काहीही दिसलं तर फोनवर बोलत बसू नका, थेट निघा. ससा नाकाने श्वास घेणारा प्राणी आहे. त्याने तोंड उघडलं म्हणजे वेळ फार कमी उरलाय.

कोल्हापुरात कुठे जायचं

शहरात प्राण्यांचे दवाखाने बरेच आहेत, पण बहुतेकांची सवय कुत्र्यामांजरांची. "सशावर उपचार करता का, रात्री कोण असतं?" हे ससा धडधाकट असतानाच विचारून दोन नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेतच, आणि गावाकडे असाल तर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा मोफत क्रमांक आहे, मात्र ती सेवा प्रामुख्याने जनावरांसाठी आहे. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय पुण्याच्या वाटेवर आहे, तिथे पोहोचायला काही तास जातात. आधी जवळच्या डॉक्टरांकडून सशाला स्थिर करून घ्या.

नेताना छोटा पिंजरा किंवा भोकं पाडलेलं खोकं, तळाशी टॉवेल. ससा गार लागत असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. सशाचं सामान्य तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. ३८ च्या खाली गेलं तर परिस्थिती गंभीर समजा. उन्हाळ्यात उलटं, त्याला उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका.

आपल्या घरात धोका कुठे असतो

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे देवघराखालची निर्माल्याची परडी. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांची फुलं देवाला वाहिली जातात. यांची पानं, फुलं, बिया सगळंच हृदयाची लय बिघडवतं, आणि पान वाळलं तरी विष जात नाही. कण्हेरीचं एकच पान खाल्लं असलं तरी दवाखाना गाठा. अंगणातला धोतरा सशाला बाधत नाही, असा एक गैरसमज आहे. काही सशांच्या रक्तात अ‍ॅट्रोपिन (धोतऱ्यातलं एक विष) मोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, त्यामुळे त्यांना धोतऱ्याचा त्रास कमी होतो. पण सगळ्यांत ते नसतं आणि तुमचा ससा कोणत्या गटातला हे तुम्हाला कळणार नाही. एरंडाच्या बिया, रुई, घाणेरी हीही टाळायचीच. मनी प्लांट, डिफेनबेकिया आणि कच्च्या अळूचं पान सुयांसारख्या स्फटिकांनी तोंड सोलवटतं; ससा लाळ गाळतो, पंजाने तोंड घासतो आणि मग चावता येत नाही म्हणून उपाशी राहतो.

ओला चारा विकत किंवा मागून आणत असाल तर तो कुठून आला ते विचारा. उसाच्या पट्ट्यात बांधावरच्या गवतावर तणनाशक पडलेलं असतं, आणि वाढ्यावरही फवारणीचा अंश असू शकतो. वरून पाणी मारल्याने पानाच्या आत शोषलेलं औषध निघत नाही. कोवळी, गुडघ्याएवढीही न झालेली ज्वारी देऊ नका. तिच्यात सायनाइड तयार होतं. कांदा, लसूण, बटाट्याचे कोंब, अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहाची पूड नको. (लसूणघास म्हणजे लसूण नव्हे, तो ल्यूसर्नचा चारा आहे आणि थोडा चालतो.)

औषधांच्या डब्यातला धोका याहून मोठा. लहान मुलाचं अ‍ॅमॉक्सिसिलिन सिरप सशाला तोंडाने दिलं, तर आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात, घातक क्लॉस्ट्रिडियम वाढतात आणि जुलाब लागून ससा दगावू शकतो. ते चाटून झालं असेल तर तीही विषबाधाच समजा. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं फिप्रोनिलचं औषध सशाच्या मानेवर टाकलं तर झटके येतात. जुन्या घरांतला ऑइलपेंटही धोकादायक ठरू शकतो; ससा चौकट कुरतडतो आणि शिसं थोडं थोडं पोटात साचतं.

राखाडी-काळ्या भुकटीचं उंदराचं औषध म्हणजे झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी मिसळून त्यातून विषारी वायू सुटतो, लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास येतो. सशाचं तोंड हुंगू नका, गाडीच्या काचा उघड्या ठेवा, आणि डॉक्टर सांगेपर्यंत त्याला काही भरवू नका.

दवाखान्यात काय होतं

विष गिळून एक-दोन तास झाले नसतील तर विष शोषून धरणारा अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल देतात, साधारण दर किलो वजनाला १ ते ३ ग्रॅम, पाण्यात कालवून. मेडिकलमधल्या कॅप्सूलमध्ये पाव ग्रॅमच असतो. दोन किलोच्या सशाला ८ ते २४ कॅप्सूल लागतील, म्हणून घरी तो खटाटोप करू नका. आम्ल, रॉकेल किंवा शिशावर चारकोल चालत नाही.

कीटकनाशकाने डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या आणि लाळ गळत असेल तर नेहमीचं औषध अ‍ॅट्रोपिन असतं. पण वर सांगितलेल्या विकरामुळे काही सशांत ते भराभर निकामी होतं. ग्लायकोपायरोलेट जास्त भरवशाचं. सशांवर क्वचितच उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे असाल तर हे विचारायला संकोच करू नका.

घरी आणल्यावरचे दोन दिवस

बरेच ससे विषातून वाचतात आणि नंतर आतडी थंडावल्याने जातात. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. त्याला उपाशी ठेवणं हाच मोठा धोका. परतल्याबरोबर समोर वाळलेलं गवत ठेवा आणि पाणी बाटलीऐवजी वाडग्यात द्या, आजारी ससा वाडग्यातून जास्त पितो.

पिंजऱ्यात पांढरं फडकं अंथरा म्हणजे लेंड्या मोजता येतील. वाटाण्याएवढ्या, गोल, दाबल्यावर भुगा होणाऱ्या लेंड्या उत्तम. लहान, काळ्या, कडक होत गेल्या तर आतडं मंदावतंय. चारकोल दिल्यावर लेंडी काळीच येते, म्हणून रंगापेक्षा आकार आणि संख्या बघा. दहा-बारा तास लेंडी नाही, किंवा ससा पाठ कुबड काढून दात करकरवत बसलाय, तर पुन्हा दवाखाना.

स्वतः खात नसेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर पेलेट कोमट पाण्यात भिजवून पातळ पेस्ट करा. दर किलोला १० ते १५ मिलिलिटर एका वेळी, दिवसातून तीन-चार वेळा. सुईविना सिरिंज पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून बाजूने घाला, अर्धा ते एक मिलिलिटर सोडा आणि गिळलेलं दिसल्यावरच पुढचा घोट. ससा ग्लानीत असेल, गिळत नसेल, तर अजिबात भरवू नका.

ब्रोमॅडिओलोनच्या बाबतीत ही दोन दिवसांची शांतता फसवी असते. रक्त गोठवणारे घटक संपायला वेळ लागतो, रक्तस्राव दोन ते पाच दिवसांनी दिसतो. त्यावर के१ जीवनसत्त्व तीन-चार आठवडे द्यावं लागतं, के३ चालत नाही. ससा टुणटुण उड्या मारायला लागला म्हणून गोळ्या बंद करू नका. कोर्स संपल्यावर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठण्याची तपासणी करून घ्या.