बजी पाळताय? या चुका टाळा

बजीची (बजरीगर या छोट्या रंगीत पोपटाची) जोडी घेतली की दुकानदार सोबत एक उभट पिंजरा, अंडी घालायचं मडकं आणि पाव किलो राळे बांधून देतो. पुढे सुरू होणाऱ्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ या तीन वस्तूंतच सापडतं. (त्याने बजीऐवजी आपला हिरवा पोपट पुढे केला, तर सरळ बाहेर पडा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो पाळणं गुन्हा आहे.)

आधी पिंजरा. बजी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला, थव्याने लांबलांब उडणारा. हेलिकॉप्टरसारखा जागच्या जागी वर जाणं त्याला जमत नाही, त्यामुळे उंच मनोरा काय नि गोल घुमट काय, दोन्ही दिसायलाच छान. जोडीसाठी किमान अडीच-तीन फूट लांबीचा पिंजरा घ्या. गजांमधलं अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको, डोकं अडकतं. सगळ्या दांड्या एकाच जाडीच्या आणि गुळगुळीत असल्या की तळपायांना फोड येतात. त्याऐवजी पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या धुऊन, सालासकट लावा. साल कुरतडण्यात त्यांचा वेळही मजेत जातो.

पिल्लं नको असतील तर मडकं नकोच. ते दिसलं की मादी अंड्यांवर अंडी घालत सुटते, अंगातलं कॅल्शियम संपतं आणि कधी अंडं आतच अडकतं. पिसं फुलवून तळाशी बसलेली, जोर करणारी मादी दिसली तर घरगुती तेलपाणी करत बसू नका, त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. ‘मडकं काढलं तर गारठतील’ ही भीती अनाठायी आहे. बजी एरवी दांडीवरच झोपतात. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा (कटलफिश या समुद्री जिवाच्या पांढऱ्या कवचाचा) तुकडा मात्र कायम टांगलेला असू द्या.

‘वाटी तर भरलेली असते, मग वाळला कसा?’ वाटीवर हलकी फुंकर मारून बघा. बजी दाणा सोलून खातो आणि फोलपट तिथेच टाकतो. वरून राळ्यांनी काठोकाठ वाटणाऱ्या वाटीत कधीकधी एकही दाणा नसतो! आणि दाणे असले तरी नुसत्या राळ्यांवर अ जीवनसत्त्व कमी पडतं. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर रोज थोडं द्या. सुरुवातीला ढुंकूनही बघणार नाहीत. ओली जुडी गजाला टांगून ठेवा, कुतूहलाने चोच मारतात. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी अजिबात नाही.

गॅलरीत दुपारचं ऊन आणि मांजर, दोन्हींचा धोका. पण सगळ्यात वाईट जागा म्हणजे स्वयंपाकघर. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा राहून जास्त तापला, तर त्यातून निघणाऱ्या वायूने बजी काही मिनिटांत मरू शकतो. धूप, अगरबत्ती, डासांची कॉइलही त्याच्या खोलीत लावू नका.

बजी आजार लपवतो. त्यामुळे नुसतं बघून अंदाज बांधू नका, वजन करा. साधारण ३० ते ४० ग्रॅमचा जीव, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. आठवड्यातून एकदा, सकाळी दाणे देण्याआधी, छोट्या डब्यात बसवून मोजा आणि लिहून ठेवा. नेहमीच्या वजनात दहावा हिस्सा घट दिसली तर तो कितीही किलबिलत असो, डॉक्टरांना दाखवा.