व्हीपीएनवरून ॲडमिन टूल रांगतंय? या चुका टाळा

"टूल स्लो चालतंय, स्पीड वाढवून द्या." व्हीपीएनवरून, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला दुरून सुरक्षित जोडून, सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा असा मेसेज आला की मी आधी विचारतो, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) किती येतोय? स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट सगळ्यांकडे तयार असतो. पिंग कुणी बघितलेला नसतो.

एसएसएचमधून (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी) एक्स११ फॉरवर्डिंग करून, म्हणजे प्रोग्रॅम सर्व्हरवर आणि त्याची विंडो आपल्या लॅपटॉपवर ठेवून, ग्राफिकल टूल उघडायचं आणि दोष लाइनला द्यायचा, ही चूक पाहून मी खरंच कंटाळलोय. एक्स११ आलं १९८७ मध्ये, तेही जवळच्या, वेगवान नेटवर्कसाठी. सर्व्हरवरचं टूल बारीकसारीक गोष्ट लॅपटॉपला विचारतं आणि उत्तर येईपर्यंत थांबतं. पुण्याहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाऊन यायला २०० मिलिसेकंद सहज लागतात. एक विंडो उघडायला अशा ५०० फेऱ्या झाल्या, की १०० सेकंद नुसती वाट बघण्यात गेले. मग लाइन ५० एमबीपीएसची असो नाहीतर ५०० ची.

एका क्लायंटकडच्या उत्साही मुलाने डेटाबेसचा इन्स्टॉलर असाच चालवला. व्हीएनसी (दूरच्या मशीनच्या स्क्रीनचं चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर) लाव म्हटलं, तर "सेटअपला वेळ जाईल सर." त्याऐवजी कुठेतरी वाचून त्याने एसएसएचचं कॉम्प्रेशन चालू केलं. डेटा कमी झाला, फेऱ्या तेवढ्याच राहिल्या. 'नेक्स्ट' दाबून चहा पिऊन यावं, तरी पान बदललेलं नसे. मध्यरात्रीनंतर व्हीपीएनचं सेशन टाइमआउट झालं. एक्सचं कनेक्शन तुटलं की प्रोग्रॅमही मरतो, तसा इन्स्टॉलर मेला. अर्धवट फाइली साफ करता करता उजाडलं. वाचवलेली सेटअपची पंधरा मिनिटं ती हीच!

मी सर्व्हरच्या शेजारच्या मशीनवर व्हीएनसी किंवा तसंच काम करणारं एक्सआरडीपी चालवतो आणि फक्त चित्र इकडे आणतो. व्हीएनसी असेल तर एसएसएच टनेलमधूनच. लाइन तुटली तरी तिकडचं काम चालू राहतं. व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं व्हर्च-मॅनेजर मात्र लॅपटॉपवरच चालवून एसएसएचने जोडतो. आणि इन्स्टॉलरला सायलेंट मोड (काही न विचारता आपोआप चालणं) असेल, तर विंडो हवीच कशाला?

लॉगिन होतं, छोटा पिंग जातो, पण मोठी यादी उघडताच सगळं गोठतं? एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार (बाइट्समध्ये), तपासा. इथरनेटचं १५०० असतं, व्हीपीएनचं वेष्टन त्यातलंच खातं; वायरगार्ड या व्हीपीएनचं म्हणून साधारण १४२० असतं. व्हीपीएनमधूनच, पॅकेटचे तुकडे करायला मनाई करून पिंगचा आकार १४७२ पासून उतरवत या. जो जाईल त्यात २८ मिळवा आणि तेवढं एमटीयू लावा.

ओपनव्हीपीएन (आणखी एक व्हीपीएन) टीसीपीवर, म्हणजे डेटाची पोच घेणाऱ्या पद्धतीवर, असेल तर पोच न मागणाऱ्या यूडीपीवर न्या.

प्रत्येक कनेक्शनला पाच-दहा सेकंदांचा ठरावीक थांबा दिसला, तर डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता शोधणारी यंत्रणा) बघा.

आणि अडकलेल्या विंडोत ठकठक क्लिक करत बसू नका. क्लिक रांगेत साठतात, नंतर एकदम लागू होतात. 'रीस्टार्ट' चारदा दाबलंत, तर सर्व्हिस चारदा रीस्टार्ट होऊ शकते, आणि तेव्हा फोन मला येतो.