आधी विचारा, हे बल देतंय कोण?

टेबलावर पुस्तक ठेवलंय. पृथ्वी त्याला खाली ओढते, टेबल वर रेटतं. दोन्ही बलं सारखी, दिशा विरुद्ध. हा न्यूटनचा कोणता नियम? नागपुरात नंदनवनातल्या माझ्या शिकवणीत दरवर्षी अकरावीच्या नव्या बॅचला मी हे विचारते आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, "तिसरा!"

तिसरा नाही, पहिला. मग पोरं विचारतात, "काहून मॅडम?" त्या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की हा धडा बराचसा हातात आला असं समजा, म्हणून त्याला घाई करायची नाही.

सूत्रं बाजूला ठेवा. कोणत्याही गणितात एकच वस्तू निवडा आणि कागदावर ती एकटीच काढा. तिच्यावरचं प्रत्येक बल बाणाने दाखवा आणि एका वाक्यात लिहा: "अमक्याने तमक्यावर". तमक्याच्या जागी दर वेळी तुमचीच वस्तू येईल. अमका शोधायचा तर दोनच ठिकाणी बघायचं. एक पृथ्वी, ती न शिवताही ओढते. दुसरं म्हणजे वस्तूला प्रत्यक्ष टेकलेलं जे काही असेल ते. (विद्युत आणि चुंबकीय बलं पुढच्या धड्यांत येतील.) अमका सापडला नाही तर ते बल नाहीच. बाण खोडून टाका.

हे मेट्रोत करून बघू. सीताबर्डीहून खापरीकडे निघालात, काही न धरता उभे आहात. गाडी सुटते आणि तुम्ही मागे कलंडता. पोरं लगेच मागे जाणारा बाण काढतात. पण तो देतंय कोण? पृथ्वी खाली ओढते. डब्याची फरशी वर रेटते आणि घर्षणाने बुटांना पुढे नेते. मागे ओढणारं कोणीच नाही! पाय गाडीबरोबर पुढे गेले, वरचं अंग होतं तिथेच राहू पाहत होतं. जडत्व म्हणतात ते हेच.

समजा गाडीने १० सेकंदांत ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेग घेतला. त्वरण झालं १ मीटर प्रति सेकंद वर्ग. तुमचं वस्तुमान ५० किलो असेल तर फरशीला तुमच्यावर पुढच्या दिशेने वस्तुमान गुणिले त्वरण, म्हणजे ५० न्यूटन बल लावावं लागेल. गाडी त्याच वेगाने सरळ धावू लागली की हे घर्षण शून्य होतं. तुम्ही ताशी ३६ किलोमीटरने चाललात आणि तुम्हाला पुढे ढकलणारं कोणी नाही. इथे जरा थांबा. गती आहे म्हणजे गतीच्या दिशेने बल असणारच, ही समजूत फार चिवट असते. घर्षण सगळीकडे असल्याने आपला रोजचा अनुभवही तिलाच दुजोरा देतो. न्यूटनने १६८७ साली नियम मांडले, त्याआधी गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून तिला धक्का दिला होता.

आता घरचा वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये चढा. खरंच चढा, शेजारी बघतील तर बघू देत. तुमचं वजन, म्हणजे पृथ्वीची ओढ, ५० × ९.८ = ४९० न्यूटन. लिफ्ट समजा १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघाली. काट्याचं तुमच्यावरचं बल वजा ४९० बरोबर ५० × १. म्हणजे काटा ५४० न्यूटनने रेटतो आणि ५५ किलोच्या आसपास दाखवतो. मधल्या मजल्यांवर वेग स्थिर, तेव्हा पुन्हा ४९०. वर पोचताना वेग तितक्याच दराने कमी झाला तर ४४०. जाताय वर, पण त्वरण खाली. वस्तुमान गुणिले त्वरण हा वेगळा बाण मात्र कधीच काढायचा नाही. ती सगळ्या बाणांची बेरीज असते.

इथेच पुस्तकाचा प्रश्न सुटतो. तिसऱ्या नियमाची जोडी कधीच असमान होत नाही. लिफ्टमध्ये मात्र आधार ५४० आणि वजन ४९० झालं, म्हणजे ती जोडी नव्हतीच! टेबलावर दोन्ही सारखी होती कारण पुस्तक स्थिर होतं, आणि स्थिर वस्तूवरच्या बलांची बेरीज शून्य असते. पहिला नियम तो हाच. खरी जोडी हवी तर वाक्य उलटवा. "पृथ्वीने पुस्तकावर" याची जोडी "पुस्तकाने पृथ्वीवर", आणि "टेबलाने पुस्तकावर" याची "पुस्तकाने टेबलावर". जोडीतली बलं नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर, एकाच क्षणी लागतात. त्यामुळे ती एकमेकांना रद्द करूच शकत नाहीत.

तरी कोणीतरी विचारतंच: कळमन्याच्या बाजारात हमाल संत्र्यांचा हातठेला ढकलतो, ठेलाही त्याला तेवढंच मागे रेटतो, मग ठेला हलतो कसा? चित्रं दोन काढा. ठेला १२० किलोचा, हमालाने त्याच्यावर २०० न्यूटन पुढे, जमिनीचा विरोध १४० मागे. उरले ६०, त्वरण ०.५. आता हमाल, ६० किलोचा. ठेल्याने त्याच्यावर २०० मागे. त्यालाही ०.५ त्वरण हवं, म्हणजे ३० न्यूटन उरले पाहिजेत. तेव्हा जमिनीने त्याच्या पायांवर २३० पुढे लावायला हवेत. फरशी ओली असली की नेमके हेच २३० मिळत नाहीत आणि पाय घसरतो.

आता एक तुम्ही करा. स्कूटरला पुढे कोण ढकलतं? "इंजिन" लिहाल तर चित्र पुन्हा बघा, इंजिन स्कूटरच्या आतच आहे. बाहेरून तिला टेकलेल्या गोष्टी शोधा, मागच्या चाकापासून सुरुवात करा.