नाशिकमध्ये नर्सिंगला ॲडमिशन घेताय? आधी कॉलेजचं हॉस्पिटल बघून या

बारावीचा निकाल लागला की सुरगाणा, कळवण, येवल्याकडून ओळखीच्यांचे फोन सुरू होतात, ताई अमुक कॉलेजात मिळतंय, घेऊ का, फी पण कमी आहे म्हणतात. म्हणून एकदाच सगळं लिहिते. मी नाशकातच जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा आणि नंतर पोस्ट बेसिक म्हणजे डिप्लोमावाल्यांसाठीची बीएस्सी केलं, आता इथल्याच एका हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे, आणि नवीन स्टाफच्या इंटरव्ह्यूला मेट्रन मॅडम मलाही बसवतात.

पहिलं म्हणजे मान्यता. बीएस्सी असेल तर कॉलेज आरोग्य विद्यापीठाला संलग्न पाहिजे, ते तर आपल्या म्हसरूळलाच आहे, वेबसाईटवर कॉलेजांची यादी असते आणि शंका आली तर सरळ जाऊन विचारता येतं. बीएस्सीला आता राज्याची सीईटी आहे, त्यामुळे "सीईटीचं आम्ही बघून घेऊ" असं कोणी एजंट म्हणाला तर तिथून उठायचं. जीएनएमला विद्यापीठाचा संबंध नसतो, त्याचं बोर्ड वेगळं, पण पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दोघांनाही लागतं आणि ते नसेल तर तीन-चार वर्षं घालवून हातात काहीच नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलची यादीही बघा, आणि ती ज्या वर्षी ॲडमिशन घेताय त्याच वर्षाची बघा.

आता खरा मुद्दा. नोकरी देताना आम्ही कॉलेजच्या नावापेक्षा मुलगी कुठल्या वॉर्डात उभी राहिलीये ते विचारतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात बीएस्सी कॉलेजला स्वतःचं 100 खाटांचं हॉस्पिटल लागतं, एका विद्यार्थ्यामागे 3 पेशंट धरलेत. कागदावर हे सगळं असतंच हो, पण तुम्ही दुपारी जाऊन खाटा भरलेल्या आहेत का ते डोळ्यांनी बघा ना. सिव्हिलला पोस्टिंग झालेल्या मुलींनी डिलिव्हरी, अपघात, विषबाधा, साप चावलेला पेशंट असं सगळं बघितलेलं असतं, तिथे गर्दीच तेवढी असते. उलट मागे एक मुलगी आली होती, मार्क उत्तम, केसबुक मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेली. तिला विचारलं, 500 मिली सलाईन 8 तासांत द्यायचंय, 1 मिलीला 20 थेंब पडणारा सेट आहे, मिनिटाला किती थेंब? ती गप्पच. उत्तर साधं आहे, 500 गुणिले 20, भागिले 480 मिनिटं, म्हणजे 21 च्या आसपास. नंतर ती हळूच म्हणाली, मॅडम आमच्याकडे वॉर्डात पेशंटच नसायचे, आम्ही केस एकमेकींच्या बघून लिहायचो. फार वाईट वाटलं मला, त्या पोरीचा काय दोष यात, आईबापाने कर्ज काढून शिकवलेलं होतं.

त्यामुळे ॲडमिशनच्या आधी तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना गेटबाहेर गाठा. क्लिनिकलला कुठे पाठवतात, ट्यूटर सोबत येतात का, आयसीयू पोस्टिंग मिळतं का, मागच्या बॅचच्या मुली आज कुठे आहेत, आणि ओरिजिनल मार्कशीट कॉलेज अडकवून ठेवतं का, हे सगळं त्यांना विचारा. शेवटचं तर नक्कीच विचारा.

सरकारी नोकरीत मात्र चित्र वेगळं. अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्सची भरती परीक्षेवर असते, तिथे कॉलेजचं नाव कोणी विचारत नाही, अभ्यास लागतो. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग भरती परीक्षेला जीएनएमवाल्यांना किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलचा 2 वर्षांचा अनुभव लागतो, बीएस्सीला ती अट नाही, म्हणून जमत असेल तर बीएस्सीच घ्या असं मी सांगते. आणि जीएनएमच परवडत असेल तरी घाबरू नका, पोस्ट बेसिक 2 वर्षांत होतं, मी तेच केलं.

गल्फला जायचं डोक्यात असेल तर अजून एक, तिथे डेटाफ्लो नावाची पडताळणी होते आणि ते लोक तुमचं सर्टिफिकेट खरं आहे का हे थेट ते देणाऱ्या संस्थेला विचारतात. कॉलेजने उत्तरच दिलं नाही की फाईल लटकते, मग मुली ड्युटी सोडून ऑफिसच्या चकरा मारत बसतात. तेव्हा कॉलेजचं ऑफिस माजी विद्यार्थिनींना दाद देतं का, हेही त्या सिनिअर मुलींनाच विचारून घ्या.